पेशींना प्रश्न विचारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

आपल्या शिरूर-दौंड भागात बांधावर, विहिरीच्या कडेला, मुरमाड माळावर सीताफळाचे झाड आपोआप उगवते. त्याचा पाला शेळीसुद्धा सहसा तोंडाला लावत नाही. फळ मात्र लहानथोर सारेच आवडीने खातात. त्याच्या बिया वाटून केसांतील उवांवर लावण्याचा उपाय आपल्या आजीला ठाऊक असे, आणि ते वाटण डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती फार जपत असे. एकाच फळात गोड गर आणि विषारी बी! या सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून पुण्याच्या एका विदुषीने १९४३ साली एम.एस्सी. ही पदवी मिळविली, आणि पुढील सारे आयुष्य स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात घालविले. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

त्यांच्याविषयी या स्मरणिकेत लिहावे असे मला का वाटले, ते आधी सांगितले पाहिजे. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे; विज्ञान हा माझा विषय नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमच्या तळेगाव ढमढेरे येथील एका विद्यार्थिनीच्या अम्मींना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. गाठ त्यांना सात-आठ महिने आधीच लागली होती. दुखत नव्हती म्हणून आणि संकोचामुळे त्या बोलल्या नाहीत. पुण्याला केमोथेरपी सुरू झाली. तेव्हा नात्यातील कोणीतरी वनस्पतींच्या अर्काची एक बाटली आणून दिली. मुलीचे वडील ती घेऊन माझ्याकडे आले. डॉक्टरांचे औषध चालू असताना हे द्यावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. मास्तर म्हणून गावात आपल्याला मान असतो आणि त्या मानाच्या भरात माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. झाडपाल्याने काय बिघडणार, द्या, असे मी सांगितले. तीन आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आढळले आणि केमोथेरपीचा पुढील डोस लांबणीवर पडला. त्या अर्कामुळेच तसे झाले की काय, हे डॉक्टरांनीही खात्रीने सांगितले नाही. परंतु बाटलीची गोष्ट आपल्याला आधी का सांगितली नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलीचे वडील खाली मान घालून उभे राहिले. ती मान खरे म्हणजे माझी खाली जावयास हवी होती. त्यानंतर आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांना विचारीत, पुस्तके चाळीत मी हा विषय समजून घेऊ लागलो आणि त्या वाटेवर मला कमलबाईंचे चरित्र भेटले.

त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. जन्म पुण्याचा, दिनांक ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आपल्या सर्व मुलांनी शिकावे असा त्यांचा कटाक्ष होता आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद त्यांनी केला नाही. कमल हुजूरपागेच्या शाळेत शिकली. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची फार इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन ती फर्ग्युसनमधून विशेष प्राविण्यासह पदवीधर झाली आणि १९३९ साली तिने श्री. ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी विवाह केला. वडिलांची इच्छा मोडली खरी, पण घरात त्यावरून तिच्या शिक्षणाची दारे बंद झाली नाहीत. आपल्याकडे मुलीने एक गोष्ट मनाविरुद्ध केली की दुसऱ्या दिवशी तिचे दप्तर खुंटीला लागते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

विवाहानंतर शिक्षण थांबले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले आणि त्यासाठी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशीविद्या हा विषय घेतला. यजमानांनी या अभ्यासात त्यांना मनापासून साहाय्य केले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील गुणसूत्रे पाहावयाची, मोजावयाची, त्यांची ठेवण टिपून ठेवावयाची, असे हे डोळ्यांचा आणि चिकाटीचा अंत पाहणारे काम. सीताफळाच्या पेशीत चौदा गुणसूत्रे असतात. मनुष्याच्या पेशीत शेहेचाळीस. गंमत अशी की त्या काळी साऱ्या जगातील पुस्तकांत मनुष्याची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस अशी छापलेली होती. ती चूक १९५६ साली दुरुस्त झाली. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण छापलेले आहे म्हणून खरे आहे, असे समजण्याची सवय आम्हा शिक्षकांनाही असते.

यजमानांबरोबर त्या मुंबईस गेल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली नुकतेच सुरू झाले होते. तेथे त्यांना काम मिळाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू लाभले. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून डॉ. खानोलकरांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ साली कमलबाईंनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. झाडांच्या पेशी पाहणारी नजर आता प्राण्यांच्या पेशींकडे वळली होती.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग हा होता आणि त्यासाठी त्यांनी उंदरांचे निरनिराळे वाण अभ्यासले. थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. अमेरिकेत बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले होते की, ज्या वाणात स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो त्या वाणाची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली तर त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. आईच्या दुधातून पिल्लांत काहीतरी जात होते. तो एक विषाणू होता, असे पुढे सिद्ध झाले. मग प्रश्न उरला की, दोष वंशाचा किती, विषाणूचा किती आणि शरीरातील संप्रेरकांचा किती? डॉ. रणदिवे यांनी या तिन्हींचा परस्परसंबंध शोधण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आहे, हे आग्रहाने मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. आज ते सर्वमान्य झाले आहे. आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल तर त्या घरातील स्त्रियांनी अधिक सावध राहावे असे डॉक्टर सांगतात.

येथे मातांसाठी एक खुलासा करतो. उंदरांतील दुधाच्या या गोष्टीवरून कोणी घाबरून जाऊ नये. मनुष्यामध्ये आईच्या दुधातून मुलीला हा रोग जात नाही. उलट बाळाला अंगावर पाजल्याने आईला हा रोग होण्याचा संभव काहीसा कमीच होतो. आणि ज्या गाठीत दुखत नाही ती निरुपद्रवी, ही समजूत तर अगदी चुकीची आहे. न दुखणारी गाठ, कातडी आत ओढली जाणे, बोंडातून रक्ताळ स्राव येणे, काखेत गाठ लागणे यांपैकी काहीही आढळले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखविले पाहिजे.

पीएच.डी. झाल्यानंतर कमलबाईंना शिष्यवृत्ती मिळून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तेथे डॉ. जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, मनुष्याच्या पेशी जिवंत ठेवून त्यांची वाढ करावयाची, हे तेथील काम. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी बाहेर वाढविण्यात आल्या आणि त्या अखंड वाढत राहिल्या. ती बिचारी त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्या घेताना तिला कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट मात्र विज्ञानाला भूषणावह नाही.

हे तंत्र शिकून त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. असल्या कामात अडचणी किती, याची कल्पना गृहिणींना चटकन येईल. विरजण लावताना भांडे अस्वच्छ असले तर दही नासते. पेशींचे तर त्याहून नाजूक. सदतीस अंश उष्णता सारखी राहिली पाहिजे, खाद्यद्रव ताजा पाहिजे, हवेतील एखादा जंतू जरी आत गेला तरी कित्येक आठवड्यांचे काम वाया. वीज गेली तरी धोका. मुंबईच्या दमट हवेत, त्या काळच्या साधनांनी हे सारे बसविणे म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच ठाऊक. त्यांनी ते बसविले, तरुणांना शिकविले आणि परदेशात गेलेल्या भारतीय संशोधकांनी परत यावे म्हणून प्रयत्न केले. १९६६ ते १९७० या काळात त्या या केंद्राच्या संचालिका होत्या.

आता त्या बाटलीकडे येतो. वनस्पतींचे अर्क आणि केमोथेरपीची औषधे एकत्र देऊन पाहण्याचे प्रयोग डॉ. रणदिवे यांनी केले, असे मी म्हणत नाही. पण हे प्रयोग ज्या काचपात्रात होतात ते आपल्या देशात पहिल्यांदा मांडले त्यांनी. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा एक वंश बाहेर वाढविण्यात आला आणि १९७३ साली जाहीर झाला. एमसीएफ-७ या नावाने तो ओळखला जातो आणि आज आपल्याकडील प्रयोगशाळांतही तो वापरला जातो. या पेशींची काही पात्रे घ्यावयाची. एकात नुसते औषध, दुसऱ्यात नुसता अर्क, तिसऱ्यात दोन्ही आणि चौथ्यात काहीच नाही. दोन-तीन दिवसांनी मोजावयाचे की किती पेशी मेल्या.

विद्यार्थ्यांसाठी हे गणिताने सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, शंभर पेशींपैकी औषधाने ३० मरतात आणि अर्काने २० मरतात. दोघांनी आपापले काम स्वतंत्रपणे केले तर एकत्र किती मरतील? ५० असे उत्तर घाईचे आहे. औषधाने ३० मेल्यावर ७० उरल्या, त्यांतील शेकडा २० म्हणजे १४, एकूण ४४. प्रत्यक्षात ७० मेल्या, तर दोघांनी एकमेकांना साहाय्य केले. ४४ च मेल्या, तर कोणी कोणाला हात दिला नाही. आणि २५ च मेल्या, तर अर्काने औषधाचा हात धरून ठेवला! या तिसऱ्या शक्यतेचा विचार मी त्या दिवशी केलाच नव्हता. तो आपल्या मनात सहसा येतच नाही. झाडपाला उपयोगी पडेल किंवा निदान अपाय करणार नाही, एवढेच आपण धरून चालतो.

तिन्ही प्रकार खरोखर आढळले आहेत. कलौंजीविषयी आपल्या समाजात किती जिव्हाळा आहे हे सांगावयास नको आणि श्रद्धेच्या विषयावर मी येथे लिहीत नाही. कलौंजीच्या तेलात थायमोक्विनोन नावाचा घटक असतो. डॉक्सोरुबिसिन या औषधाबरोबर तो दिला असता स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींवर औषधाचा परिणाम वाढला, असे काचपात्रातील प्रयोगांतून प्रसिद्ध झाले आहे. दुसरीकडे हळद पाहा. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना येथील संशोधकांनी २००२ साली दाखविले की, हळदीतील कर्क्युमिन या घटकाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना केमोथेरपीच्या काही औषधांपासून वाचविले. उंदरांना आहारातून कर्क्युमिन दिले तेव्हा सायक्लोफॉस्फमाइड या औषधाने गाठ जेवढी आटावयास हवी होती तेवढी आटली नाही. आणि आर्मेनिया देशात रोग पसरलेल्या दीडशे स्त्रियांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या जोडीला तेच कर्क्युमिन शिरेतून दिले, तर फायदा झालेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसले. पदार्थ एकच, औषध बदलले, मार्ग बदलला, मात्रा बदलली आणि उत्तर उलटे आले. मग निनावी बाटलीत काय आहे, किती आहे, हे ठाऊक नसताना एक भाषाशिक्षक त्याचे उत्तर कसे देणार?

शिवाय काचपात्र म्हणजे शरीर नव्हे. पात्रात अर्क थेट पेशीवर पडतो. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. यकृत हे आपल्या शरीरातील जकातनाकेच आहे. केमोथेरपीची पुष्कळ औषधे तेथूनच जातात आणि काढेही तेथूनच. गर्दी झाली की एखादे औषध रक्तात जास्त साठते, तर एखादे वेळेआधीच निघून जाते. फोडणीतील चिमूटभर हळदीविषयी हे चाललेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. नाहीतर उद्या घरोघरी बिनहळदीची आमटी होईल आणि त्याचा दोष माझ्या माथी येईल.

वनस्पतींत औषध नाही, असे मात्र कोणी समजू नये. अंगणातील सदाफुलीपासून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे घाण वासाचे एक झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर असते, हे १९७२ साली भारतीय संशोधकांनी दाखविले. वर उल्लेखिलेले पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतील एका वृक्षाच्या सालीतून प्रथम वेगळे करण्यात आले. १९७१ साली ते प्रसिद्ध करणाऱ्यांत डॉ. मनसुख वाणी हे होते, आणि ते आपल्या नंदुरबारचे! म्हणजे पुण्याच्या दवाखान्यात अम्मींच्या शिरेतून जे थेंब-थेंब जात होते त्यातही झाडपाला होताच. फरक एवढाच की तो शुद्ध केलेला, मिलिग्रॅममध्ये मोजलेला आणि हजारो रुग्णांवर पारखलेला होता.

आणि सीताफळ? कमलबाईंनी ज्या कुळाची गुणसूत्रे मोजली त्याच कुळाच्या बियांत व पानांत पेशींचा ऊर्जापुरवठा तोडणारी द्रव्ये असतात, हे पुढे कळले. कर्करोगाच्या पेशी त्यांनी पात्रात मरतात, हे खरे आहे. एवढ्याच आधारावर आज याच कुळातील लक्ष्मणफळाची पाने आणि भुकटी कर्करोगावरील रामबाण म्हणून विकली जाते. परंतु ऊर्जा निरोगी पेशींनाही लागते. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर या कुळातील फळे व पानांचा काढा नेहमी घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा, औषधांना दाद न देणारा मेंदूचा विकार अधिक आढळला आणि या दोहोंचा संबंध असावा असे तेथील डॉक्टरांनी १९९९ साली मांडले. हंगामात चवीने खाल्लेले सीताफळ निराळे. पानांचा किंवा बियांचा अर्क औषध म्हणून महिनोन्महिने पिणे निराळे.

कमलबाईंच्या मानसन्मानांची यादी मोठी आहे. १९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी पारितोषिक मिळाले. त्यात सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये होते. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केले. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. दोनशेच्या वर संशोधनपर लेख त्यांच्या नावावर आहेत. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे १९७३ साली त्यांनी काही सहकारी भगिनींबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत एकट्या स्त्रीला काय सोसावे लागते, घर आणि काम यांची ओढाताण कशी होते, हे त्यांनी अनुभवले होते. पुढे या संघटनेने वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालविले.

दुसरी गोष्ट आपल्या घोड नदीच्या पलीकडची आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जाऊन त्यांनी उतारवयात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी केली आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्याच्या कामात भाग घेतला. जगभर नाव झालेली शास्त्रज्ञ मुलांचे वजन आणि दंडाचा घेर मोजणाऱ्या कामात रमली. मोजल्याशिवाय काही बोलावयाचे नाही, ही सवय त्यांना सीताफळाच्या कुळापासूनच लागलेली असावी. २००१ साली त्यांचे निधन झाले.

त्या विद्यार्थिनीच्या अम्मींचे उपचार पूर्ण झाले असून आता दर काही महिन्यांनी तपासणीस जावे लागते. नात्यातले लोक अजूनही काही ना काही आणून देतात. त्या ते नाकारीत नाहीत, कारण आणणाऱ्याच्या प्रेमाचा अवमान होतो. पिशवीत घालून पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ठेवतात आणि ते सांगतील तसे करतात. बाटलीवर काय लिहिले आहे, ते मुलगी आधीच वहीत उतरवून नेते.

या वर्षी आमच्या शाळेत कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्यात आले. कांद्याला आपल्या तालुक्यात तोटा नाही. सूक्ष्मदर्शक मात्र एकच, त्यामुळे रांग लागली. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे ती मुलगी होती. कांद्याची गुणसूत्रे सोळा असतात, असे विज्ञानाच्या सरांनी सांगितले होते. तिला चौदाच दिसली, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून मोजावयास सुरुवात केली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि माझी पाळी राहून गेली.